नाव गार, इंजिन गरम!

मित्रांनो, काही माणसांची नावं अशी असतात की ऐकल्यावर आपल्याला हसू येतं, आणि काम कळल्यावर आपण तोंडात बोट घालतो. गार वुड हे त्यातलंच एक नाव. पूर्ण नाव गारफिल्ड आर्थर वुड. साधारण नव्वद-शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत हा माणूस इतका प्रसिद्ध होता की त्याची बोट धावणार म्हटलं की डेट्रॉइट नदीच्या दोन्ही काठांवर लाखो लोक जमायचे. पाण्यावर ताशी शंभर मैलांचा वेग गाठणारा जगातला पहिला माणूस हाच. आज मात्र मेकॅनिकलच्या पोरांनाही त्याचं नाव सहसा माहीत नसतं.

मी पवनी तालुक्यातल्या कोंढ्याचा. आमच्या भागात पाणी म्हणजे वैनगंगा, बोट म्हणजे ढिवर बांधवांचा डोंगा, आणि वेग म्हणजे फुफाटा उडवत जाणारे रेतीचे टिप्पर. अशा गावच्या पोराने अमेरिकेतल्या रेसिंग बोटींवर का लिहावं, असं कोणालाही वाटेल. पण गंमत अशी की या टिप्परशीच गार वुडचं नातं आहे. टिप्परचा मागचा डाला ड्रायव्हरने नुसता लिव्हर ओढला की वर उचलला जातो, तो ज्या हायड्रॉलिक हॉइस्टमुळे, ती हॉइस्ट ट्रकवर बसवून तिचा धंदा उभा केला तो याच माणसाने. गोसेखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. अकरा किलोमीटरहून लांब असलेल्या त्या धरणाची माती ज्या गाड्यांनी वाहिली, त्यांच्या पोटाखाली त्याचीच कल्पना होती. बोटींचा खर्चही त्याने त्या हॉइस्टच्या पैशांतूनच केला.

वुडचा जन्म ४ डिसेंबर १८८० चा, आयोवा राज्यातल्या मेपलटन गावचा. त्याच्या जन्माच्या महिनाभर आधीच जेम्स गारफिल्ड हे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणून आणि चेस्टर आर्थर हे उपराष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले होते. वडिलांनी उत्साहाच्या भरात दोघांचीही नावं पोराला देऊन टाकली! घरात डझनभर लेकरं. वडील मिनेसोटातल्या ओसाकिस तलावावर वाफेची फेरीबोट चालवायचे. असं सांगतात की एकदा दुसऱ्या बोटवाल्याशी त्यांची चढाओढ लागली, आणि ऐन वेळी बॉयलरचं सरपण संपलं. मग बोटीतल्या खुर्च्या-टेबलं फोडून भट्टीत घातली गेली, आणि ते फोडायचं काम लहानग्या गारकडे होतं. ही गोष्ट शंभर टक्के खरी असो वा थोडी तिखटमीठ लावलेली, या माणसाचं पुढचं सगळं आयुष्य तिच्यात बसतं. जिंकायचं म्हटलं की हाताशी जे असेल ते इंजिनात घालायचं!

१९११ च्या सुमारास त्याने कोळसा खाली करणारा एक ट्रक पाहिला. ड्रायव्हर हाताने हँडल फिरवून फिरवून डाला वर करत होता. आपल्याला पहिल्या वर्षाला पास्कलचा नियम शिकवतात, आपण तो पाच मार्कांसाठी पाठ करतो आणि विसरून जातो. वुडने तो ट्रकखाली लावला. इंजिनवर चालणारा पंप, त्यातून दाबाने येणारं तेल, एक सिलिंडर आणि पिस्टन. बस्स. पुढे डेट्रॉइटमध्ये कंपनी निघाली, ट्रकचा जमाना आला आणि काही वर्षांत हा माणूस लक्षाधीश झाला. तीसहून जास्त पेटंट्स त्याच्या नावावर आहेत.

पैसा आल्यावर माणसाची जुनी आवड वर येते. १९१६ साली डेट्रॉइटमध्ये ‘मिस डेट्रॉइट’ नावाची रेसिंग बोट बांधणाऱ्या मंडळींवर कर्ज झालं होतं. एका सभेत वुडने ती बोट विकत घेतली, आणि पाठोपाठ ती बांधणारे अल्गोनॅकचे कारागीर क्रिस्टोफर कोलंबस स्मिथ यांच्याशीही नातं जोडलं. (हेच स्मिथ पुढे क्रिस-क्राफ्ट बोटींमुळे जगप्रसिद्ध झाले.) १९१७ मध्ये जुन्याच बोटीचं स्टर्लिंग इंजिन नव्या ढाच्यात बसवून ‘मिस डेट्रॉइट दुसरी’ तयार झाली आणि तिने अमेरिकेतला मानाचा गोल्ड कप जिंकला. मग १९२१ पर्यंत सलग पाच वर्षं तो कप वुडकडेच राहिला.

आता इथून खरा विषय सुरू होतो. तो म्हणजे वेगवान बोटीसाठी इंजिन निवडायचं कसं?

गाडीचं इंजिन बोटीत का चालत नाही, हे आधी समजून घेऊ. गाडी एकदा वेगात आली की इंजिनला थोडा आराम मिळतो. उतार आला की अजून आराम. पाण्यात उतार नसतो! बोटीचं इंजिन म्हणजे सतत घाट चढणारी गाडी. पूर्ण थ्रॉटल, पूर्ण लोड, मिनिटामागून मिनिटं. दुसरी गोष्ट वजनाची. वेगवान बोट पाणी कापत जात नाही, ती पाण्यावर उचलली जाते आणि पृष्ठभागावरून घसरत जाते. ती उचलली जाण्यासाठी हलकी असावी लागते. म्हणजे इंजिन असं हवं की जे तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालेल आणि तरीही वजनाने कमी असेल. असं इंजिन त्या काळात एकाच यंत्रात होतं, विमानात.

वुडने नेमकं हेच ओळखलं. १९१८ च्या ‘मिस डेट्रॉइट तिसरी’मध्ये त्याने कर्टिस कंपनीचं बारा सिलिंडरचं विमानाचं इंजिन बसवलं. हे चालणार नाही असं जाणकार सांगत होते म्हणतात. चाललं, आणि कपही मिळाला.

तेवढ्यात पहिलं महायुद्ध संपलं आणि त्याच्या हाती घबाड लागलं. अमेरिकन सरकारने युद्धासाठी ‘लिबर्टी’ नावाचं विमानाचं इंजिन बनवून घेतलं होतं. पॅकार्ड कंपनीचे जेसी व्हिन्सेंट आणि हॉल-स्कॉटचे एल्बर्ट हॉल या दोघांनी १९१७ मध्ये वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात बसून, आठवड्याच्या आतच त्याचं डिझाइन केलं होतं. व्ही आकारात बारा सिलिंडर, २७ लिटर क्षमता, ४०० हॉर्सपॉवर आणि वजन चारशे किलोच्या आत. म्हणजे किलोमागे एक हॉर्सपॉवर! त्या काळाच्या मानाने हे प्रमाण फारच भारी होतं. अशी वीस हजारांवर इंजिनं बनली आणि युद्ध थांबताच ती गोदामांत पडून राहिली. सरकारने ती स्वस्तात काढली, वुडने ती मोठ्या संख्येने उचलली.

पण नुसतं विकत घेऊन भागत नाही. विमानाचं इंजिन हवेत वर थंडीत असतं, बोटीचं बंद खोलीसारख्या जागेत. मग रेडिएटर काढून नदीचं पाणीच थंड करायला फिरवायचं, एक्झॉस्टची व्यवस्था करायची, ऑइलिंग बदलायचं, विमानाच्या पंख्याऐवजी पाण्यातल्या पंख्याच्या हिशोबाने शाफ्ट जोडायचा. वुडच्या माणसांनी हे सगळं इतक्या वेळा केलं की लिबर्टीचा नट न नट त्यांना पाठ झाला. बोटीसाठी बदललेली ही इंजिनं त्याने इतरांनाही विकली. अमेरिकेत दारूबंदी असताना चोरटी दारू आणणाऱ्यांच्या वेगवान बोटींत लिबर्टी इंजिन असायचं, आणि त्यांच्या मागे लागणाऱ्या सरकारी बोटींतही!

१९२० साली वुड ‘मिस अमेरिका’ घेऊन इंग्लंडला गेला, हार्म्सवर्थ ट्रॉफीसाठी. ही देशादेशांतली शर्यत. तिचे नियम फार थोडे होते. बोट ४० फुटांपेक्षा लांब नको, आणि बोट व इंजिन दोन्ही स्वतःच्याच देशात बनलेलं हवं. इंजिन किती मोठं असावं यावर काहीही बंधन नाही. म्हणजे खिसा आणि डोकं, दोन्हींची परीक्षा. दोन लिबर्टी लावलेल्या ‘मिस अमेरिका’ने ट्रॉफी जिंकली. परत येऊन त्याच वर्षी वुडने ताशी ७४.८७ मैल, म्हणजे सुमारे १२० किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. तेव्हापासून १९३३ पर्यंत वुडच्या बोटींनी ही ट्रॉफी एकदाही बाहेर जाऊ दिली नाही.

पुढच्या वर्षी त्याने ‘मिस अमेरिका दुसरी’त दोनऐवजी चार लिबर्टी बसवल्या. ताकद दुप्पट. वेग किती वाढला असेल? ८०.५७ मैल. वाढ आठ टक्केसुद्धा नाही! इंजिन वाढलं की वजन वाढतं, वजन पेलायला ढाचा मोठा लागतो, इंधन जास्त लागतं, आणि पाण्याचा विरोध तर वेगाबरोबर वाढतच जातो. थर्मलच्या पुस्तकात नसलेला हा धडा वुडच्या या दोन आकड्यांत आहे.

दरम्यान अमेरिकेतल्या बाकी स्पर्धकांना त्याचा कंटाळा आला होता. १९२२ पासून गोल्ड कपच्या नियमात इंजिनाला ६२५ घन इंच, म्हणजे सुमारे सव्वादहा लिटरची मर्यादा घातली गेली. लिबर्टी होतं २७ लिटरचं. वुडचं इंजिन नियमानेच बाहेर गेलं. पण तो गप्प बसणारा नव्हता. १९२१ मध्ये मायामी ते न्यूयॉर्क तो एक्सप्रेस गाडीच्या आधी पोचला होता. १९२५ मध्ये हडसन नदीतून ऑल्बनी ते न्यूयॉर्क त्याने पुन्हा रेल्वेशी शर्यत लावली आणि तीही जिंकली. काठावरून रूळ आणि शेजारून बोट, काय दृश्य असेल!

लिबर्टीचं वय झालं तेव्हा वुड पॅकार्डकडे वळला. तिथे तेच जेसी व्हिन्सेंट होते, लिबर्टीचे एक जनक. पॅकार्डचं नवं व्ही-१२ इंजिन होतं सुमारे ४१ लिटरचं. १९२८ मध्ये अशी दोन इंजिनं बसवलेली ‘मिस अमेरिका सहावी’ सेंट क्लेअर नदीवर चाचणीला निघाली आणि पूर्ण वेगात तिचा लाकडी ढाचा फुटला. वुड आणि त्याचा मेकॅनिक ऑर्लिन जॉन्सन दोघेही फेकले गेले, जॉन्सन तर गंभीर जखमी झाला. शर्यत तोंडावर आलेली. वुडच्या माणसांनी नदीच्या तळातून इंजिनं वर काढली, खोलली, साफ केली आणि सुमारे दोन आठवड्यांत नवी बोट बांधून तिच्यात बसवली. ‘मिस अमेरिका सातवी’ने ट्रॉफी राखली, आणि जखमी जॉन्सन पुन्हा वुडच्या शेजारी बसला होता. मला या माणसाचं फार कौतुक वाटतं. विक्रमांच्या यादीत त्याचं नाव शोधावं लागतं. इंजिनांचे गेज वाचणारे कान-डोळे मात्र त्याचेच.

ढाच्याला न पेलणारी ताकद काय करते, हे वुडला त्या दिवशी कळलं. पाण्यातली एखादी वस्तू काय करते, हे दुसऱ्या एकाच्या मरणाने कळलं. इंग्लंडचे सर हेन्री सीग्रेव्ह हे जमिनीवरच्या वेगाचे विक्रमवीर. १९२९ मध्ये ते मायामीला एकच नेपियर लायन इंजिन असलेली ‘मिस इंग्लंड’ घेऊन आले. वुडच्या बोटीचं स्टिअरिंग पहिल्या फेरीत तुटलं आणि गुणांवर सीग्रेव्ह जिंकले. नऊ वर्षांत वुड पहिल्यांदा हरला, तोही एका इंजिनाच्या बोटीकडून. मग सीग्रेव्ह यांनी दोन रोल्स रॉइस ‘आर’ इंजिनांची ‘मिस इंग्लंड दुसरी’ घेतली. हे इंजिन विमानांच्या श्नायडर शर्यतीसाठी बनवलेलं. ३७ लिटरचं, पण ताकद पॅकार्डपेक्षा खूपच जास्त. १३ जून १९३० रोजी विंडरमियर सरोवरावर त्यांनी ९८.७६ मैलांचा विक्रम केला, आणि त्याच दिवशी पुढच्या फेरीत बोट उलटली. पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्याला बहुधा ती धडकली होती. सीग्रेव्ह आणि रोल्स रॉइसचे इंजिनिअर व्हिक्टर हॅलिवेल यांचा मृत्यू झाला.

तरी शर्यत थांबली नाही. मार्च १९३१ मध्ये वुडने ‘मिस अमेरिका नववी’त १०२.२६ मैल गाठून शंभराची भिंत ओलांडली. दुरुस्त केलेल्या ‘मिस इंग्लंड दुसरी’त केय डॉन यांनी त्याच वर्षी ११० ओलांडले. सप्टेंबर १९३१ ला दोघे डेट्रॉइटला समोरासमोर आले. पहिली फेरी डॉन यांनी जिंकली. दुसऱ्या फेरीत वुडने तोफ वाजायच्या आधीच रेषा ओलांडली, पाठोपाठ डॉन यांनीही. पाच सेकंदांपेक्षा जास्त आधी निघाल्याने दोघेही बाद झाले. डॉन यांची बोट तर वळणावर उलटलीच. मागून शांतपणे येणारा वुडचा भाऊ जॉर्ज ट्रॉफी घेऊन गेला. हा डाव मुद्दाम रचला होता असा आरोप वुडवर झाला आणि तो आयुष्यभर पुसला गेला नाही. माझ्या मते इतक्या मोठ्या इंजिनिअरच्या नावाला हा डाग नको होता.

आता प्रश्न असा होता की रोल्स रॉइसच्या ‘आर’ला उत्तर काय? तसं इंजिन अमेरिकेत कोणाकडेही नव्हतं, आणि इंग्लंडचं घ्यायला नियमाची आडकाठी. वुडने घरातलंच सामान काढलं. चार पॅकार्ड, सुपरचार्जर लावलेले. दोन-दोन इंजिनं एकामागे एक, प्रत्येक जोडी एका पंख्यासाठी. ३८ फुटी ‘मिस अमेरिका दहावी’ची एकूण ताकद होती तब्बल ६४०० हॉर्सपॉवर. आपल्याकडचा मोठा टिप्पर २५०-३०० हॉर्सपॉवरचा धरला, तर वीसहून जास्त टिप्पर एका बोटीत! २० सप्टेंबर १९३२ रोजी अल्गोनॅकजवळ ती १२४.८६ मैलांनी धावली. ताशी २०० किलोमीटरच्या वर. १९२० च्या तुलनेत ताकद आठपट, वेग पावणेदोनपटसुद्धा नाही. बरं, एवढा हिशोबी माणूस शर्यतीला जाताना सोबत दोन टेडी बेअर घेऊन जायचा, लाइफ जॅकेट घातलेले!

१९३३ मध्ये ह्युबर्ट स्कॉट-पेन हे इंग्रज बोटबांधणीकार ‘मिस ब्रिटन तिसरी’ घेऊन आले. साडेचोवीस फुटांची छोटीशी बोट, अ‍ॅल्युमिनिअमचा पत्रा, एकच नेपियर लायन, सुमारे १३७५ हॉर्सपॉवर. समोर ६४०० चा राक्षस. वुड जिंकला, पण पावपट ताकदीच्या बोटीने त्याचा पाठलाग सोडला नाही. पाहणाऱ्यांना उद्याची बोट कोणती ते कळलं असणार. त्यानंतर वुडने हार्म्सवर्थची शर्यत सोडली. त्याचा विक्रम १९३७ मध्ये माल्कम कॅम्पबेल यांनी मोडला, ‘ब्लूबर्ड’ बोटीने, आणि तिच्यात रोल्स रॉइस ‘आर’ होतं फक्त एक.

यातला सगळ्यात सुंदर भाग पुढेच आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नौदलाला छोट्या वेगवान टॉर्पेडो बोटी हव्या होत्या. १९३९ मध्ये एल्को कंपनीने स्कॉट-पेन यांच्याकडून नमुन्याची ७० फुटी बोट आणली आणि त्यावरून पुढच्या पीटी बोटींचा ढाचा तयार झाला. इंजिन मात्र घेतलं पॅकार्ड व्ही-१२, वुडच्या बोटींत तावून सुलाखून निघालेल्या घराण्यातलं. प्रत्येक बोटीत तीन. नदीवर एकमेकांविरुद्ध धावलेल्या दोन माणसांचं काम शेवटी एकाच बोटीत आलं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन केनेडी ज्या पीटी-१०९ चे कप्तान होते, ती याच जातीची.

वुड मायामीला राहायला गेला. पेट्रोल पिणारी एवढी इंजिनं हाताळलेला हा माणूस म्हातारपणी विजेवर चालणाऱ्या गाडीवर प्रयोग करत होता. १९ जून १९७१ रोजी, नव्वदी ओलांडून, तो गेला.

मी हे सगळं वाचलं ते ऑगस्ट २०२० च्या अखेरीस भंडारा जिल्ह्यात आलेल्या वैनगंगेच्या महापुराच्या संदर्भात. पुरात अडकलेल्या माणसांना काढायला जी बोट येते, तिच्या इंजिनाचा विचार मनात घोळत होता. तिथे ६४०० हॉर्सपॉवर काय कामाची? तिथे हवं ते दोघांना उचलून काठापर्यंत नेता येईल असं आउटबोर्ड, गढूळ पाण्यातही बंद न पडणारं, आणि पुरात वाहत येणारे ओंडके बघून हळू होणारा हात. सीग्रेव्ह एका ओंडक्याने गेले हे वाचल्यावर माझ्या डोळ्यांपुढे विंडरमियर नाही, वैनगंगा आली. गोसेखुर्दच्या जलाशयातल्या स्पीडबोटींची आणि जलपर्यटनाचीही चर्चा झाली आहे. अशा बोटींचं इंजिन निवडणारा माणूस आपल्यापैकीच कोणीतरी असेल.

त्याने काय पाहावं? वुडच्या आयुष्यातून मला तीन प्रश्न मिळाले. हे इंजिन किलोमागे किती ताकद देतं? माझा ढाचा ती ताकद पेलेल का? आणि हे बिघडलं तर आपल्या माणसांना ते खोलून पुन्हा बसवता येईल का? कॅटलॉगमध्ये हॉर्सपॉवर पहिल्या ओळीत लिहिलेली असते. हे तीन प्रश्न आपल्यालाच विचारावे लागतात. नदीच्या तळातून काढलेलं इंजिन दोन आठवड्यांत पुन्हा धावतं, कारण त्याचा नट न नट माहीत असलेली माणसं काठावर असतात. मित्रांनो, तशी माणसं घडवणं हेच तर आपल्या वर्कशॉपचं काम आहे. तेव्हा पुढच्या प्रॅक्टिकलला नुसती फाइल उतरवण्याआधी एकदा ते जुनं इंजिन खोलून बघा!